डावीकडची पाहुणी

थोरलीनं पहिल्यांदा वॉर्ड डोक्यावर घेतला तो अपघातानंतर एकविसाव्या दिवशी, सकाळी नाश्त्याच्या वेळी. "हा कुणाचा हात माझ्या पांघरुणात आणून ठेवलाय?" म्हणून ती ओरडली. नर्स धावत आली, समोरच्या खाटेवरचे आजोबा चमचा खाली ठेवून बघायला लागले, आणि धाकटी चहाचा कप हातात धरून जागच्या जागी खिळली. थोरली आपलाच डावा हात उजव्या हातानं मनगटाशी उचलून, मेलेला उंदीर शेपटीला धरून टाकावा तसा, खाटेबाहेर टाकू बघत होती. आता खांद्याला जोडलेला हात जाणार कुठे? हातामागून तीच घसरायला लागली. नर्सनं वेळेवर धरलं म्हणून, नाहीतर फुटलेलं डोकं पुन्हा फुटलं असतं.

या दोघींचं पडद्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. थोरली माप घ्यायची, कापायची आणि गिऱ्हाइकांशी भांडायची. धाकटी शिवायची, चुण्या घालायची आणि भांडण मिटवायची. एकतीस वर्षं हे असंच चाललं होतं. धाकटीनं लग्न केलं नाही. थोरलीनं केलं होतं, ते अकरा महिने टिकलं, त्याबद्दल ती बोलत नसे आणि तिच्यासमोर दुसरं कुणी बोलायची हिंमत करत नसे. बाई जिभेची तिखट, हिशेबाला चोख, आणि कात्री अशी चालायची की कापडाला कळायच्या आत दोन तुकडे. मात्र एक होतं. घरच्या माणसाला ती धड एक गोड शब्द द्यायची नाही, पण दारात पाहुणा आला की बाई वेगळीच. त्याला चांगली खुर्ची, चांगला कप, त्याच्या पाठीला उशी. धाकटी म्हणायची, "ताई, मी एकदा बाहेर जाऊन पाहुणी म्हणून परत येते, मला पण उशी दे."

तर अशी ही थोरली एका बंगल्यात पडद्याची दांडी बसवताना शिडीवरून पडली. खिडकीच्या दगडी कठड्यावर डोकं आपटलं, उजव्या बाजूनं. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आणि दोन आठवड्यांत तिला मेंदूच्या दुखापतीच्या रुग्णांसाठी असलेल्या पुनर्वसन केंद्रात आणलं. तिथे बारा आठवडे ठेवतात. बाराव्या आठवड्यात परीक्षा असते. केंद्रात एक लहानसं घर मांडलेलं आहे, स्वयंपाकघर, न्हाणीघर, चार पायऱ्या असं सगळं. तिथे माणसानं स्वतःचं स्वतः करून दाखवायचं. जमलं तर घरी. नाही जमलं तर कायमच्या रुग्णांसाठी शहराबाहेर एक इमारत आहे, तिथे. धाकटी एका रविवारी ती इमारत बघून आली. स्वच्छ होती, माणसं वाईट नव्हती. पण एका लांब खोलीत वीस खुर्च्या बंद टीव्हीकडे तोंड करून मांडल्या होत्या आणि विसाच्या वीस भरलेल्या होत्या. घरी आल्यावर दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही. ताईला तिथे जाऊ द्यायचं नाही, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं. बाकी काय वाटेल ते होवो.

केंद्रातल्या थेरपिस्ट बाईंना सगळे पट्टीबाई म्हणत. कारण त्या जिथे जातील तिथे लाल चिकटपट्टी लावत. ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी, टेबलाच्या डाव्या कडेला, पुस्तकाच्या पानाला, दाराच्या चौकटीला. त्यांनी धाकटीला समजावलं होतं, डोळे ठीक आहेत, हाडं ठीक आहेत, हातात जोरही हळूहळू येईल. पण डावी बाजू नावाची काही गोष्ट असते हेच मेंदू विसरलाय. ते खरंच होतं. थोरली ताटातलं उजवीकडचं तेवढं खायची आणि इथे पोटभर देत नाहीत म्हणून कुरकुरायची. केस विंचरायची ते उजवीकडचे. डावीकडून कुणी हाक मारली तर उजवीकडे शोधायची. म्हणून पट्टीबाई तिला रोज सांगत, लाल दिसेपर्यंत मान फिरवा, लाल दिसलं की समजा ताट संपलं.

हाताबद्दल मात्र त्यांनी धाकटीला कोपऱ्यात नेऊन बजावलं. असं होतं, म्हणाल्या, माणसाला आपलाच हात परका वाटतो. तुम्ही वाद घालायचा नाही, कारण ती ऐकणार नाही आणि चिडेल. पण होकारही द्यायचा नाही. तिच्या हो ला हो केलंत तर ते तिच्या डोक्यात पक्कं बसेल, आणि या दिवसांत जे बसतं ते उपटून निघत नाही. गप्प राहायचं, हाताला हळूच स्पर्श करायचा, विषय बदलायचा.

सांगणं सोपं असतं. पट्टीबाई चार वाजता घरी जायच्या. त्यानंतर थोरलीला धरून बसायची ती धाकटी. आठवडाभर तिनं विषय बदलून बदलून बघितले. थोरली हाताला व्यायाम देऊ देईना, धुऊ देईना, तो नजरेला पडला की ढकलायची, चिमटे काढायची. मनगटावर काळेनिळे डाग पडले. हात नुसता लोंबायचा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी थोरलीनं त्याला टेबलावरचा काटा टोचला. रक्त आलं, आणि ती शांतपणे म्हणाली, "बघ, ओरडतसुद्धा नाही. हा असला बेशरम माणूस कुणी आणलाय माझ्या खाटेवर?"

धाकटीनं रक्त पुसलं. बारातले दोन आठवडे गेले होते, आणि तिच्या डोळ्यांसमोर त्या वीस खुर्च्या उभ्या राहिल्या. तोंडून निघून गेलं, "ताई, असं काय करतेस? पाहुणी आहे ती."

थोरली थबकली. "पाहुणी?"

"हो. लांबून आलीय. दमलीय म्हणून बोलत नाही."

थोरलीनं मान डावीकडे वळवली. लाल पट्टी नसताना, कुणी न सांगता, पहिल्यांदा वळवली. हाताकडे खूप वेळ बघितलं. मग ओशाळून म्हणाली, "आधी नाही का सांगायचं? काटा टोचला ना मी तिला." आणि तिनं आपल्या पाठीची उशी काढून हाताखाली दिली.

त्या दिवसापासून सगळं असं सुरळीत झालं की बघत राहावं. पाहुणीला अवघडून बसावं लागू नये म्हणून थोरली दर तासाला हात नीट मांडायची. पाहुणीचे पाय मोकळे व्हायला हवेत म्हणून, म्हणजे बोटं बरं का, एकेक बोट ताणून द्यायची. पाहुणी उपाशी आहे का बघायला ताटाच्या डावीकडे बघायची आणि बघता बघता स्वतःच तिथलं खायची. पट्टीबाईंनी तोंडात बोटं घातली. काय केलंत, म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा धाकटी म्हणाली, काही नाही, विषय बदलला. खोटं बोलताना तिला फारसं काही वाटलं नाही. माणूस सुधारतंय, यात चुकलं कुठे? पुढे घरी गेल्यावर सांगू निवांत, असा तिचा विचार होता.

पाचव्या आठवड्यात अंगठा हलला. सहाव्यात मूठ वळली. धाकटीच्या जिवात जीव आला. ती रोज दुकान दुपारी बंद करून यायची आणि थोरलीच्या उजवीकडे बसायची, कारण उजवीकडे बसलं तरच थोरलीला ती दिसायची. डावीकडे पाहुणी. मध्ये थोरली, दोघींशी बोलत.

हो, बोलत. आधी धाकटीला गंमत वाटायची. पाहुणी बोलत नाही पण कळवते, असं थोरली सांगायची. तिला पंखा आवडत नाही. तिला ही साबणाची वडी नको, पहिलीच बरी होती. एकदा म्हणाली, तिला तुझा आवाज फार मोठा वाटतो, जरा हळू बोल. धाकटी हसली आणि हळू बोलायला लागली. मग म्हणाली, तू तिला हात लावलेला तिला चालत नाही, नर्सनं लावलेला चालतो. धाकटीनं म्हटलं असेल एखादं खूळ, आणि दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यात हात धुवायला घेतला. हातानं पाण्याचं भांडं सरळ ढकलून दिलं. पाणी धाकटीच्या मांडीवर सांडलं. थोरली तेव्हा उजवीकडे खिडकीबाहेर बघत गिऱ्हाइकाच्या थकलेल्या पैशांबद्दल बोलत होती आणि बोलायची थांबलीसुद्धा नाही. तिला पत्ताच नव्हता.

धाकटीनं मांडी पुसली. हातात जोर आलाय, हे चांगलंच की, असं तिनं स्वतःला समजावलं. पण त्या दिवशी ती लवकर निघाली.

पुढच्या आठवड्यात जे दिसलं ते मात्र तिला स्वतःला समजावता येईना. दुपारची वेळ, स्वच्छ ऊन, वॉर्डात सगळे जागे. थोरली रेडिओवरच्या बातम्या ऐकत होती आणि तिचा डावा हात चादरीच्या काठाशी काहीतरी करत होता. धाकटी खाटेला वळसा घालून त्या बाजूला गेली. हात चुण्या घालत होता. तीन बोटांनी कापड उचलायचं, अर्ध्या इंचाची घडी, पुन्हा अर्धा इंच, पुन्हा, आणि तिसऱ्या चुणीनंतर अंगठ्याच्या नखानं एक दाब. चादरीचा काठ खाटेच्या टोकापर्यंत चुण्यांनी भरला होता, आणि एकही चुणी कमीजास्त नव्हती.

थोरलीनं जन्मात चुण्या घातल्या नव्हत्या. चुण्या घालणं तिच्या मते बसल्या जागचं काम होतं, आणि बसल्या जागची कामं धाकटीची. आणि तिसऱ्या चुणीला नखाचा दाब देणारी बाई सगळ्या धंद्यात एकच होती. ती आत्ता खाटेच्या डाव्या बाजूला उभी राहून आपल्याच अंगठ्याच्या नखाकडे बघत होती.

तिनं धीर करून पट्टीबाईंना सांगितलं, पाहुणीचं वगळून. त्यांना आनंदच झाला. दुकानात कापताना तुम्ही ताईंच्या कुठल्या बाजूला उभ्या असायचा, असं त्यांनी विचारलं. डावीकडे, धाकटी म्हणाली. कायम डावीकडे. मग झालं तर, त्या म्हणाल्या, एकतीस वर्षं डावीकडे जे बघितलं ते मेंदूनं जपून ठेवलंय, आता ते बाहेर येतंय. हे ऐकून धाकटीला बरं वाटायला हवं होतं. तिनं हो हो म्हणून मान हलवली आणि घरी जाताना दोन बस चुकवल्या.

नवव्या आठवड्यात बिंग फुटलं. केंद्राच्या स्वयंपाकघरात पट्टीबाईंनी थोरलीला पाव कापायला दिला. डाव्या हातानं धरा, उजव्यानं कापा, म्हणाल्या. थोरलीनं मान डावीकडे वळवली आणि अदबीनं विचारलं, "बाई, जरा धरता का?" हात पुढे आला आणि त्यानं पाव धरला. थोरली म्हणाली, "आभारी आहे."

पट्टीबाई आतापर्यंत कधी कुणावर आवाज चढवून बोलल्या नव्हत्या. तेव्हाही चढवला नाही, पण बाहेरच्या बाकावर धाकटीला बसवून त्यांनी जे सुनावलं ते ती जन्मभर विसरली नसती. तुम्हाला काय सांगितलं होतं मी, त्या म्हणाल्या. हात बरा झालाय, पण दुसऱ्या कुणाचा तरी म्हणून बरा झालाय. उद्या तो गॅसवर गेला तर तिला वाटेल पाहुणीला भाजतंय, आणि पाहुणी नको म्हणाली तर पाव, चाकू, जिन्याचा कठडा, सगळंच सुटेल. जिला आपला हात आपला वाटत नाही तिला मी घरी सोडू शकत नाही. परीक्षेत मी सगळ्यांसमोर विचारणार, हा हात कुणाचा. तीन आठवडे आहेत. तुम्ही घातलेला घोळ तुम्हीच निस्तरा.

धाकटीनं त्याच दुपारी सांगून टाकलं. ताई, मी खोटं बोलले. पाहुणी वगैरे कुणी नाही. हा तुझाच हात आहे, बघ, ही कात्रीची जुनी खूण, हा तुझा तीळ. ती रडत होती. तिला वाटलं थोरली आता भडकणार. थोरलीनं फक्त डावीकडे बघितलं, मग उजवीकडे धाकटीकडे, आणि समजुतीनं म्हणाली, "तुला ती घरात नको आहे, होय ना? स्पष्ट बोलायचं. मी सांगते तिला जायला." तिनं मान वळवली, ओठ हलवले, थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं. "गेली," म्हणाली.

आणि हात पडला. म्हणजे गादीवर होता तिथेच, पण त्यातलं सगळं निघून गेलं. धाकटीनं उचलून सोडला तर पीठ भरलेल्या पिशवीसारखा पडला. डॉक्टर आले, डोक्याचे नवे फोटो काढले, त्यात नवीन काही नव्हतं. रक्त व्यवस्थित, नसा व्यवस्थित. असं कधी कधी होतं, म्हणाले, आणि त्यांना काहीच कळलेलं नाही हे त्यांच्या तोंडावरून धाकटीला कळलं. एक दिवस गेला, दोन दिवस गेले. थोरली पुन्हा अर्ध्या ताटावर आली. मान वळेना. लाल पट्ट्या नुसत्या लावलेल्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी शहराबाहेरच्या त्या इमारतीतून एक बाई आली आणि जागा कधीपासून लागेल ते विचारून गेली.

त्या दुपारी धाकटी खुर्ची घेऊन खाटेच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. थोरलीला ती तिथून दिसत नव्हती. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं तो हात मांडीवर घेतला आणि त्याच्याशी तोंड नेलं. आपण हे काय करतोय याची तिला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती.

"मी चुकले," ती म्हणाली. "परत या."

हात हलला नाही. थोरली मात्र समोर भिंतीकडे बघत बोलली, अगदी साध्या सुरात, निरोप सांगावा तसं. "ती म्हणते, असं या म्हटलं की यायचं आणि जा म्हटलं की जायचं, हे तिला जमणार नाही. तिला जागा हवी."

"कसली जागा?"

"घरातली. आपल्या घरातली."

धाकटीनं विचार केला असं नाही. जिच्यापुढे वीस खुर्च्या आहेत ती काय विचार करणार? "दिली," ती म्हणाली. तिच्या मांडीवर टेकलेली थोरलीची बोटं गार होती. ती हळूहळू मिटली. धाकटीच्या हातावरून एकदा फिरली, प्रत्येक बोट वेगळं चाचपून, कापड घेण्याआधी बघतात तशी, आणि मग सुटली.

पुढचे दिवस भराभर गेले. हात आधीपेक्षा चांगला चालू लागला. थोरली बटणं लावायला लागली, वेणी घालायला लागली. धाकटीनं तिला एकच गोष्ट घोकून घेतली. परीक्षेत विचारतील, हा हात कुणाचा, तर माझा म्हणायचं. थोरलीला ते पटेना. कापड आटेल की नाही याबद्दलसुद्धा गिऱ्हाइकाशी कधी खोटं न बोललेली बाई ती. "एकदाच बोल," धाकटी म्हणाली, "माझ्यासाठी." थोरलीनं डावीकडे विचारलं. मग म्हणाली, तिची हरकत नाही, तिला आता काय म्हणतात यानं फरक पडत नाही.

परीक्षेत थोरलीनं चहा केला, पाव कापला, गॅस बंद केला आणि बंद झाला की नाही ते दोनदा बघितलं. चार पायऱ्या कठडा धरून चढली आणि उतरली. डॉक्टर, नर्स, पट्टीबाई ओळीनं बसले होते. शेवटी पट्टीबाईंनी तिचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि विचारलं. थोरली म्हणाली, "माझा." स्वच्छ, ठणठणीत. पट्टीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर आल्यावर त्यांनी धाकटीचा खांदा दाबला. मी त्या दिवशी फार बोलले, म्हणाल्या, पण तुम्ही करून दाखवलंत, असं फार थोड्यांना जमतं. धाकटीला त्यांच्याकडे मान वर करून बघवेना. तिनं कागदांवर जिथे सांगितल्या तिथे सह्या केल्या.

टॅक्सीत थोरली खिडकीशी बसली. धाकटी तिच्या उजवीकडे बसली, सवयीनं. थोडं पुढे गेल्यावर थोरली म्हणाली, "जरा सरकता का? आम्हाला दाटी होतेय." धाकटी हसली. रागावली की थोरली तिला असंच अहो-जाहो करून टोमणे मारायची. किती महिन्यांनी ऐकला तो टोमणा. तिला इतकं भरून आलं की ती सरकून दाराला चिकटली आणि डोळे पुसत बाहेर बघत राहिली.

दुकान तिनं आदल्या दिवशी झाडूनपुसून ठेवलं होतं. पट्टीबाईंनी सांगितलेल्या सगळ्या लाल पट्ट्या लावल्या होत्या. थोरलीनं उंबऱ्यावर उभं राहून सगळं बघितलं. मान डावीकडे पार शेवटपर्यंत फिरवली. भिंतीवरचे कापडाचे गठ्ठे बघितले, मशीनवरची धूळ बोटानं बघितली, ती नव्हती. कात्री खिळ्यावरून काढली. मग मोठ्या टेबलाशी आपल्या जागी जाऊन उभी राहिली, आणि एका निळ्या गठ्ठ्याचं टोक टेबलावर ओढून घेतलं. उजव्या हातानं कात्री चालली. कापडावर कर्र असा आवाज झाला. तो आवाज ऐकायला धाकटी बारा आठवडे जगली होती, असं म्हटलं तरी चालेल.

ती झटकन पुढे झाली आणि तिच्या डावीकडे, आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. कापलेलं कापड धरायला तिनं हात पुढे केला.

कात्री थांबली. थोरलीनं मान वळवली. डोळ्यांत राग नव्हता, टोमणा नव्हता. दुकानात येणाऱ्या अनोळखी बायकांकडे ती जशी बघायची तशी तिनं धाकटीकडे बघितलं, आदरानं आणि किंचित घाईनं.

"अहो, तिथे नका उभ्या राहू," ती म्हणाली. "तिथे आमची धाकटी असते."

टेबलावर डाव्या हातानं निळं कापड कधीच ओढून घेतलं होतं. तीन बोटांनी पहिली चुणी उचलली, मग दुसरी. तिसरी झाल्यावर अंगठ्याचं नख दाबलं गेलं. थोरली त्याच्याकडे बघून बोलली, आणि तो आवाज धाकटीनं लहानपणापासून ऐकलेला होता, वेणी घालताना, ताप आलेला असताना, दुकान पहिल्यांदा उघडलं त्या सकाळी. "दमू नकोस गं धाकटे," थोरली म्हणत होती. "आत्ताच तर आलोय घरी."

धाकटीला आठवेना की ताईनं आपल्याला धाकटे म्हणून शेवटची हाक कधी मारली होती. तिनं आठवडे मागे मागे जाऊन बघितले. सातवा, सहावा, पाचवा. कुठेच सापडली नाही. मी आहे ना धाकटी, असं ओरडावंसं वाटलं. ताईचा खांदा धरून गदागदा हलवावंसं वाटलं. पण ओरडलं तर काय होईल ते तिनं एकदा बघितलं होतं. तो हात गळून पडेल, कात्री पडेल, आणि मग ती लांब खोली.

ती टेबलाला वळसा घालून उजवीकडे आली, जिथून ती थोरलीला दिसायची. तिथे गिऱ्हाइकांची खुर्ची होती. तिच्यावर ती बसली.

"बोला," थोरली म्हणाली. "पडदे करायचेत ना? खिडकीचं माप आणलंय?"

धाकटीनं मागच्या खोलीतल्या खिडकीचं माप सांगितलं, जिच्याखाली तिचा पलंग होता. रुंदी सत्तेचाळीस, उंची चौपन्न. थोरलीनं डावीकडे मान केली. डाव्या हातानं चुण्या सोडून खडू उचलला आणि टेबलाच्या लाकडावर ते आकडे लिहिले, धाकटीच्याच वळणाच्या अक्षरात.

"कधीपर्यंत हवेत?" थोरलीनं विचारलं.

"घाई नाही," धाकटी म्हणाली. "मी रोज येऊन बघून जात जाईन."

"या की," थोरली म्हणाली, आणि तिच्या पाठीला उशी आणून दिली.